पदकाच्या कडेवरचं नाव

वाचकाचं पत्र (थोडक्यात): "मी अडतीस वर्षांचा, आयटीत नोकरी, राहायला सहकारनगर. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. गावचं घर आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काही वस्तू सापडल्या. एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असलेलं चांदीसारखं पदक, त्याच्या कडेवर इंग्रजीत पणजोबांचं नाव आणि '११० मराठाज'. १९३५ सालचा राजाराणीचा बिल्ला. आजोबांना शाळेत मिळालेलं पदक. आणि राम-सीता-हनुमान असलेलं तांब्याचं 'ईस्ट इंडिया कंपनी, वन आना, १८१८'. तेव्हापासून नाद लागला. दर रविवारी जुन्या बाजारात जातो आणि दिसेल ते घेतो. पत्नी म्हणते, घरात भंगार साठतंय. तिने बिल्ला चिंच आणि पितांबरी लावून लख्ख केला, त्यावरून आमचं वाजलं. मेहुणे म्हणतात, गुलामीच्या खुणा कसल्या जपताय? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एकाने रामाच्या नाण्याला पाच लाख देऊ केलेत, पण आधी अडीच हजार 'नोंदणी शुल्क' मागतोय. काय करू?"

नमस्कार.

आधी घाईचं. ते अडीच हजार पाठवू नका. पाठवून झाले असतील तर १९३० या क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा. अडीच हजार गेले की 'जीएसटी', मग 'कमिशन', मग 'रिझर्व्ह बँकेची परवानगी' अशी मागणी वाढत जाते. या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर सावधगिरीची सूचना काढली होती. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. खरा गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय आकडा बोलत नाही, आणि विकणाऱ्याकडून पैसे तर कधीच मागत नाही.

आता ते नाणं. कंपनीने हिंदू देवदेवता नाण्यांवर कधी आणल्याच नाहीत, असं तुम्हाला कुणी सांगेल. ते खरं नाही. मद्रासकडच्या कंपनीच्या 'पॅगोडा' नावाच्या सोन्याच्या नाण्यांवर विष्णू आहे. पण तुमच्याकडचं नाणं खोटं ठरायला दुसरं कारण पुरेसं आहे: कंपनीने एक आण्याचं नाणं पाडलंच नाही. हिंदुस्थानात एक आण्याचं नाणं आलं ते सातव्या एडवर्डच्या राज्यात, निकेलमिश्रित तांब्याचं आणि नागमोडी कडेचं. त्याआधी 'आणा' हा बराचसा हिशेबातला होता. कंपनीचा मुंबईकडचा तांब्याचा पैसा पाहायचा असेल तर ज्याच्यावर तराजू आहे तो शोधा. तुमचा तुकडा म्हणजे देवघरासाठी किंवा जत्रेत विकायला केलेली अलीकडची मुद्रा. १६१६, १७१७, १८१८ असे डोळ्यात भरणारे आकडे आणि 'यूकेएल' अशी अर्थहीन अक्षरं ही या जातीची ओळख. रामटंके, म्हणजे रामाची प्रतिमा असलेल्या पूजेच्या मुद्रा, ही जुनी आणि खरी परंपरा आहे, त्यांचा संग्रह करणारेही आहेत, पण त्यांच्यावर कंपनीचं नाव नसतं. तुमचं नाणं देवघरात ठेवा, काही बिघडत नाही. आणि एखादं नाणं तांदूळ ओढून घेतं अशी फसवणुकीची थाप मारणारा कुणी भेटला, तर त्याच्याशी वादही घालू नका, पुढे चालू लागा.

आता पदक. डब्यातली खरी वस्तू ही आहे, आणि तुम्ही तिच्याबद्दल पत्रात एकच ओळ लिहिली आहे. रामाच्या नाण्यावर मात्र दीड पान.

वर्णनावरून ते 'ब्रिटिश वॉर मेडल' आहे, १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाचं. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, घोड्याच्या टापेखाली शत्रूची ढाल. व्यास ३६ मिलिमीटर. लढाऊ शिपायांना ते चांदीचं मिळालं. मजूर तुकड्यांत आणि बिनलढाऊ कामांवर गेलेल्या पुष्कळ हिंदी माणसांना हेच पदक ब्राँझचं मिळालं. ओझी वाहणाऱ्यांच्या पदकातसुद्धा सरकारने धातूचा फरक राखला होता, हे पुढे मेहुण्यांशी बोलताना लक्षात असू द्या.

११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होती. त्या डिव्हिजनचं नावच 'पूना डिव्हिजन'. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ती टायग्रिसच्या काठाने बगदादच्या रोखाने गेली, मागे हटली, डिसेंबर १९१५ पासून कुत अल-अमारा इथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. ११० वीबरोबर १०३ आणि ११७ या मराठा पलटणीही त्या वेढ्यात होत्या. शरण गेलेले हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले आणि त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. तुमचे पणजोबा त्या वेढ्यात होते की नंतरच्या भरतीतून पलटणीत आले, हे तुमच्या डब्यावरूनच थोडंफार कळू शकतं. १९१५ संपण्याआधी जो रणभूमीवर पोचला, त्याला '१९१४-१५ स्टार' नावाचा ब्राँझचा तारा मिळायचा. त्यावर नाव कडेला नसून मागच्या सपाट बाजूवर ठोकलेलं असतं. शिवाय ब्रिटिश वॉर मेडलच्या जोडीला बहुतेक वेळा सोनेरी झाक असलेलं, इंद्रधनुषी फितीचं 'व्हिक्टरी मेडल' असतं. तुमच्याकडे एकच आहे. म्हणजे बाकीची कधीतरी हरवली, किंवा दुसऱ्या भावाच्या वाटणीत गेली. तेव्हा चुलत घरांमध्ये विचारा. एकाच माणसाची पदकं एकत्र आली की त्यांचा अर्थ आणि किंमत दोन्ही वाढतात.

किंमत विचारलीत म्हणून सांगतो. सराफ त्या पदकाची चांदी तोलेल. साधारण एक औंस, म्हणजे एकतीस-बत्तीस ग्रॅम. हा झाला तळ. चांदी वधारली की अशी पदकं ढिगाने वितळवली गेली, म्हणून आज नावासकट शाबूत असलेलं प्रत्येक पदक म्हणजे एक माणूस वितळता वितळता राहिला असं मी समजतो. त्या तळाच्या वर जे काही मिळतं ते कडेवरच्या अक्षरांचं: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. म्हणूनच बाजारात बदमाषी होते तीही कडेवर. साधं नाव घासून काढतात आणि गाजलेल्या पलटणीचं कोरतात. व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे व्यास अचूक मोजायचं साधन, विकत घ्या, तपकीर गल्लीत नाहीतर बोहरी आळीत सहज मिळेल. घासलेल्या पदकाचा व्यास अर्धा मिलिमीटर तरी कमी भरतो, आणि कड बोटाला एका ठिकाणी जास्त गुळगुळीत लागते.

चांदी आहे का, हे घरच्या घरी पाहता येतं. ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. पदकाची फीत सोडवून बाजूला ठेवा. फीत मूळची असेल तर ती कितीही विटली असली तरी टाकू नका. पदक कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा, आणि आकडा वाचा. पहिल्या वजनाला या आकड्याने भागा. उत्तर १०.२ ते १०.४ च्या आसपास आलं तर साडेब्याण्णव टक्क्यांची चांदी. साडेआठ-पावणेनऊ आलं तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, म्हणजे नावापुरतीच चांदी. अकराच्या वर गेलं तर शिसं. मग पदक पुसून नीट सुकवा. सराफाच्या कसोटीवर घासून ओरखडा पाडून घेण्यापेक्षा हे बरं.

आता पितांबरी. देवाची भांडी घासायला तिच्यासारखी गोष्ट नाही, आणि तुमच्या पत्नीने तेच केलं जे प्रत्येक मराठी घरात पितळ दिसल्यावर करतात. तिच्यावर चिडून काय होणार? गेलेली झाक परत येत नाही. १९३५ सालचे, पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाचे बिल्ले शाळांमधून आणि समारंभांतून खूप वाटले गेले, तेव्हा जगबुडी झालेली नाही. पण पुढे नियम धरा: काहीही घासायचं नाही. चांदीवरचा काळसर-निळसर थर आणि तांब्यावरचा चॉकलेटी थर हे वयाचं लक्षण आहे आणि धातूचं कवचही. ब्रास्सो, लिंबू, चिंच, टूथपेस्ट, राख यांतलं काहीही चाललं की बारीक उठाव पुसट होतो. अपवाद एकच. तांब्या-ब्राँझवर फिक्या हिरव्या रंगाची भुकटी दिसली आणि ती पसरत असेल तर तो रोग आहे. ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

साठवण्याबद्दलही बोलून घेतो. नाण्यांच्या स्वस्त अल्बमची मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. वर्षा-दोन वर्षांत त्यांतून चिकट हिरवट द्रव सुटतो. कडक, वास नसलेली पाकिटं घ्या. रबरबँड नको, लोकरीचं कापड नको, डांबरगोळ्या नकोत, वर्तमानपत्राचा कागद नको. नव्या प्लायवूडच्या कपाटातही नको, कारण त्याची वाफ धातूला बाधते. पुण्याचा पावसाळा मुंबईइतका वाईट नाही, तरी जूनमध्ये डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दिवाळीला त्या बदला.

जुन्या बाजाराबद्दल माझं मत तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा तो बाजार ही या शहरातली मोठी चीज आहे. तिथे जाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण "दिसेल ते घेतो" याला संग्रह म्हणत नाहीत. "वाड्यातून निघालंय, साहेब" हे वाक्य तिथे बोहनीइतकंच नेमाने ऐकू येतं. कधी ते खरंही असतं, वाडे पडताहेत आणि माळ्यावरचे डबे कुठेतरी जाताहेतच. पण त्याच फडक्यावर ओतीव नकलाही मांडलेल्या असतात. ओतीव वस्तूच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या, आणि काठावर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण दिसते. दहापट दाखवणारं भिंग खिशात ठेवा. "शेतात नांगराला लागलं" असं कुणी सांगितलं तर हात मागे घ्या. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते. तो कायदा १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे.

मग घ्यायचं काय? एक विषय धरा, आणि तो पुण्याचा धरा.

नवशिक्याला पहिला मोह होतो लढायांच्या पदकांचा. १८५१ साली इंग्रजांनी 'आर्मी ऑफ इंडिया' नावाचं चांदीचं पदक मंजूर केलं. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाच्या पट्ट्या असत, आणि त्यांत 'पूना', 'किर्की', 'कोरेगाव' अशाही आहेत. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ ला आणि पदक आलं चौतीस वर्षांनी, जे हयात होते आणि ज्यांनी मागणी केली त्यांच्याचसाठी. हिंदी शिपायांपैकी किती जणांपर्यंत ते पोचलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. खरं पदक लंडनच्या लिलावात जातं आणि तुमच्या-माझ्या आवाक्यात येत नाही. रविवारच्या फडक्यावर 'किर्की' पट्टी दिसली तर कौतुकाने पाहा आणि ठेवून द्या. श्रीरंगपट्टणच्या पदकाचंही तेच, टिपूचा वाघ खाली आणि इंग्रजांचा सिंह वर असलेलं. त्याचे नंतरचे छाप आणि नकला खूप आहेत.

माझा कल दुसरीकडे आहे. बँकेच्या खिडकीवर चेक दिला की हातात यायचं ते क्रमांक कोरलेलं पितळी टोकन आठवतं? तुमच्या आईवडिलांना नक्की आठवेल. नगरपालिकांचे सायकल-कराचे बिल्ले. एका काळी सायकलींचं म्हणून ओळखलं जाणारं हे शहर, आणि त्या करवसुलीचा पुरावा आज खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. कारखान्यांच्या कँटीनची टोकनं, हमालांचे पितळी बिल्ले, चपराशांच्या पट्ट्यावरचे 'चपरास' नावाचे बिल्ले, गणेशोत्सवातल्या स्वयंसेवकांचे बिल्ले, शाळांची आणि तालमींची बक्षिसाची पदकं. हे सगळं अजून स्वस्त आहे. नकली करणं कुणाला परवडत नाही म्हणून बहुतेक खरं आहे. आणि याची धड यादी कुणी केलेली नाही. ब्रिटिश पदकांवर जाडजूड ग्रंथ आहेत. पुण्यातल्या एखाद्या बंद पडलेल्या बँकेची टोकनं गोल होती की षटकोनी, हे सांगणारा माणूस आणखी वीस वर्षांनी मिळणार नाही. आजोबांच्या शाळेच्या पदकापासून सुरुवात करा. ती शाळा अजून असेल तर तिथल्या जुन्या वार्षिक अहवालात त्यांचं नाव सापडण्याची शक्यता चांगली आहे.

यासाठी वही ठेवा, किंवा तुमच्या पेशाला शोभेल अशी स्प्रेडशीट. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो, व्यास, वजन, कुठे मिळालं, केव्हा, किती पैसे पडले. विकणारा काय म्हणाला तेही लिहा, पण वेगळ्या रकान्यात. तुम्ही स्वतः तपासलेलं आणि त्याने सांगितलेलं एकदा मिसळलं की पुढे कुणालाच वेगळं करता येत नाही. मी पाहिलेल्या कित्येक चांगल्या संग्रहांचं मालकामागे मातेरं झालं ते पैशाअभावी नाही. मुलांना कळेना यातलं काय काय आहे, म्हणून भंगारवाला आला. तुमच्या पत्नीचा 'भंगार' हा शब्द झोंबला असेल, पण नोंद नसलेल्या पितळाला दुसरं काय म्हणायचं? महिन्याची रक्कम दोघांनी बसून ठरवा आणि वहीचा खर्चाचा रकाना तिला उघडा ठेवा.

शिकायला पुण्यात जागांची कमतरता नाही. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं आहे. केळकर संग्रहालयात पुन्हा एकदा जा, पण या वेळी मस्तानी महालापाशी न रेंगाळता लहानसहान धातूच्या वस्तू पाहा. नाणेशास्त्र मुळातून शिकायचं मनात आलं तर नाशिकजवळ अंजनेरीला त्याची स्वतंत्र संशोधन संस्था आहे. पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे पहिल्या दिवशी नुसतं ऐकायला जा, पाकीट घरी ठेवून.

कायद्याचं एक. शंभर वर्षांहून जुनी नाणी-पदकं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. घरात ठेवायला हरकत नाही, पण देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अमेरिकेतला भाऊ "इकडे ऑनलाइन चांगले पैसे येतील, येताना घेऊन ये" म्हणाला तर नाही म्हणा. आणि खरेदी-विक्री हा धंदा करायचा झाला तर परवाना लागतो.

राहिले मेहुणे. त्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. पदक ही राज्यकर्त्याच्या हातातली स्वस्त आणि परिणामकारक वस्तू होती. पगार वाढवण्यापेक्षा फीत लावणं सोपं. १९०३ आणि १९११ च्या दिल्ली दरबारांची पदकं संस्थानिकांच्या छातीवर कशासाठी लागली, हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. पण जपणं म्हणजे सलाम ठोकणं नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचं नाव शंभर वर्षांपूर्वी धातूत उमटलं असेल तर ते याच कडेवर. सातबारा सोडला तर त्याच्या हयातीचा दुसरा लेखी पुरावा तुमच्याकडे आहे का? मेहुण्यांना १९४७ चं 'इंडियन इंडिपेन्डन्स मेडल' दाखवा, सेनादलांतल्या माणसांना मिळालेलं ते फार दुर्मिळ नाही. एका बाजूला अशोकाचे सिंह आणि '१५ ऑगस्ट १९४७', दुसऱ्या बाजूला अशोकचक्र, त्यावर मुकुट आणि भोवती सहाव्या जॉर्जचं नाव. फीत केशरी-पांढरी-हिरवी. यातली गुलामी कुठे संपते आणि स्वातंत्र्य कुठे सुरू होतं, हे त्यांनाच विचारा. आपल्याकडे अशीही घरं आहेत जिथे आज्याचं लढाईचं पदक आणि नातवाला १९७२ साली मिळालेला स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट एकाच ट्रंकेत आहेत. दोन्ही जपावेत, शेजारी शेजारी.

गावी जाल तेव्हा चावडी, जुनी शाळा, देवळाची भिंत पाहून या. महायुद्धानंतर सरकारने कित्येक गावांत संगमरवरी पाट्या लावल्या: या गावातून इतके लोक युद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. तुमच्या गावची पाटी असेल तर कदाचित चुन्याखाली असेल. नसलीच, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे चौकशी करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की पणजोबांना पाहिलेली एक आत्या सांगलीला असते, वय शहाऐंशी. या रविवारी बाजाराऐवजी तिच्याकडे जा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका. पदक तिच्या हातात द्या, फोनवरचं रेकॉर्डिंग तिला सांगून सुरू करा आणि प्रश्न कमी विचारा. दुसऱ्या पदकाचं काय झालं आणि तारा होता का, एवढं मात्र विचारायला विसरू नका. काय कळलं ते मला लिहा, आणि सोबत कडेचा स्पष्ट फोटोही पाठवा, म्हणजे क्रमांक वाचता येईल.